वितोल्डच्या लायलॅकला चोर मिळेना

आमच्या मेझसाला गावात लायलॅक कुणी विकत घेत नाही आणि कुणी मागूनही घेत नाही. त्याच्या फुललेल्या फांद्या दुसऱ्याच्या कुंपणावरून तोडायच्या असतात. तोडला की झुडूप पुढच्या मे महिन्यात दुप्पट फुलतं, यावर चर्चमध्ये जाणाऱ्यांचं आणि न जाणाऱ्यांचं एकमत आहे. एरवी या दोन पक्षांचं बर्फ कुणी उपसायचं यावरही जमत नाही. अट एकच, हात परका हवा. मालकानं कात्रीनं कापलेलं धरत नाहीत. मालकाला विचारून तोडलेलं तर मुळीच धरत नाहीत. ज्याच्या लायलॅकला कुणी हात लावत नाही, त्याच्याविषयी लोक जरा आवाज खाली आणून बोलतात, घरात काहीतरी दुखणं असल्यासारखं.

वितोल्ड माझा शेजारी. तो रेल्वेच्या फाटकावर होता. दिवसातून दोन गाड्या जायच्या, आणि त्या गेल्या की उरलेला वेळ तो गप्प बसायचा. त्यात तो इतका तरबेज झाला की घरी आल्यावरही तेच करायचा. पुढे त्या गाड्या बंद झाल्या, रूळ उचलून नेले, तरी हा उन्हाळाभर फाटकाला रंग देत होता. मी विचारलं तर म्हणाला, "अर्धा डबा उरला होता."

त्याची बायको आउस्ट्रा माझी शाळेपासूनची मैत्रीण. बेकरीतही आम्ही दोघी एकाच पाळीला असायचो. तिला मागणी घालायला हा आला, तो काखेत फावडं आणि हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला लायलॅकचा फुटवा घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "खड्डा कुठं खणू?"

तिनंही लाजण्यात वेळ घालवला नाही. म्हणाली, "कुंपणाला लागून. रस्त्यावरून हात पोचला पाहिजे."

मी आत चहा टाकत होते. मला वाटलं, माळी आलाय. लग्न ठरलं हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि तेही आउस्ट्राकडून.

झुडूप वाढलं, छपराला टेकलं. जांभळ्यावर किंचित निळसर झाक असलेली फुलं, आणि वास असा की वारा इकडचा असला तर माझ्या वाळत घातलेल्या चादरींनाही लागायचा. मे महिन्याच्या अखेरीला आउस्ट्रा खिडकीच्या पडद्याआड कॉफी घेऊन बसायची आणि चोर बघायची. त्यात तिला इतर बायकांना नाटक बघण्यात येते तेवढी गोडी होती. कोण फांदी सांध्यावर मोडतो, कोण ओढून साल सोलतो, कोण एक तोडून पळतो आणि कोण दोन्ही काखा भरतो, सगळं तिला पाठ. वर्षातली पहिली फांदी मात्र माझी असायची. मी तोडायची, ती पडद्याआडून बघायची, आणि दुसऱ्या दिवशी बेकरीत दोघी त्याबद्दल अवाक्षर काढायचो नाही. अशी मजा होती आमची.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आउस्ट्रा गेली. शेवटच्या आठवड्यात ती वितोल्डला म्हणाली होती, "झुडपाला राख घालत जा. बाकीचं लोक बघतील."

लोकांनी बघितलं. फार बघितलं, तिथंच सगळं बिनसलं.

त्या वर्षी लायलॅक मस्त फुलला आणि कुणीही त्याला हात लावला नाही. असं काही ठरलं नव्हतं. आमच्या गिरणी रस्त्यावर काही ठरवायचं म्हणजे बोलावं लागतं, आणि बोलणं आम्हाला जड जातं. पण प्रत्येकाच्या मनात तेच आलं, की ही आउस्ट्राची फुलं, बिचाऱ्याची तेवढीच आठवण, आपण कशाला तोडायची? लोक कुंपणापाशी यायचे, टोपी काढायचे, आणि फांदी तोडायच्या ऐवजी काकड्यांच्या लोणच्याची बरणी ठेवून जायचे. वितोल्ड पडद्याआड बसून बघायचा. संध्याकाळी बाहेर येऊन बरण्या आत न्यायचा. शेवटी तळघरात बटाटे ठेवायला जागा उरली नाही.

मीही नाही तोडली. खरं सांगते, माझा हात वर जाईना. पडद्याआड ती नाही हे ठाऊक असताना फांदी मोडायची म्हणजे ती गेल्याचं मान्य करायचं, आणि ते मला जमत नव्हतं.

वितोल्डनं आपल्या परीनं सगळं केलं. चुलीतली राख चाळून बुंध्याशी घातली. मुळातून येणारे फुटवे खणून काढले. हिवाळ्यात फांद्या बर्फानं चिरू नयेत म्हणून केरसुणीनं हळूहळू झाडल्या. एक जुनं, पोकळ झालेलं खोड करवतीनं काढलं तेव्हा तर तो दिवसभर जेवला नाही. तरी दुसऱ्या मे महिन्यात फुलं निम्म्यावर आली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माइगा, झुडूप जाणार."

"राख कमी पडली असेल."

"राख नाही. लोक."

वितोल्डच्या मानानं हे भाषणच झालं. आउस्ट्राचं जिवंत असं त्याच्याकडे एवढंच उरलं होतं, आणि ते आमच्या चांगुलपणानं वाळत चाललं होतं. पण तो कुणाला "तोडा" म्हणू शकत नव्हता. म्हटलं की संपलं, मग ते धरलं जात नाही.

तेव्हा तिसऱ्या मे महिन्यात वितोल्ड चोर मिळवायच्या मागे लागला.

आधी त्यानं कुंपणाची एक फळी काढली, हात सहज आत जावा म्हणून. जेवायच्या आत ती जागेवर होती. समोर राहणारा इंदुलिस सुतार आहे आणि त्याला भोक बघवत नाही. वितोल्डनं दुसऱ्या दिवशी दोन फळ्या काढल्या. इंदुलिसनं त्या बसवल्या, रंगवल्या, आणि वर खांबाला सिमेंट घातलं.

"बिचाऱ्याचं कुंपण झडतंय गं," इंदुलिस मला म्हणाला. "आणि तोंडातून ब्र काढत नाही."

"इंदुलिस, तो स्वतः काढतोय फळ्या."

"दुःखात माणूस काहीही करतो," तो म्हणाला आणि आणखी खिळे आणायला गेला.

मग वितोल्डला वाटलं, नव्या पिढीला मनाई केल्याशिवाय मजा येत नसेल. त्यानं पुठ्ठ्यावर लिहिलं, "लायलॅक तोडू नये", आणि खाली, "कुत्र्यापासून सावध". कुत्रा त्याच्याकडे नव्हता. आठवड्याभरात नगरपालिकेनं तो पुठ्ठा काढून तिथं निळ्या रंगाची पत्र्याची पाटी लावली, वळणदार अक्षरांत, चार स्क्रू मारून. कुत्र्याचा प्रश्न स्कैद्रिते बाईंनी सोडवला. बाईंनी आम्हा सगळ्यांना शाळेत गणित शिकवलं आहे आणि अजून आमच्या चुका शोधत असतात. एकट्या माणसाला कुत्रा हवाय पण मागायला जीभ उचलत नाही, असा अर्थ बाईंनी पाटीतून काढला आणि एक पिल्लू आणून दिलं. रेक्सिस. कान मोठे आणि अक्कल बेताची. पण राखण करण्यात पटाईत, कुंपणाजवळून नुसती सायकल गेली तरी घर डोक्यावर घ्यायचा.

"आता बरं वाटतं का?" बाईंनी विचारलं.

"वाटतं," वितोल्ड म्हणाला. आता बाईंना नाही कोण म्हणणार?

शेवटचा उपाय म्हणून तो स्वतःच चोरी करू लागला. त्याचा हिशेब सरळ होता. मी त्यांचं तोडलं की त्यांना राग येईल आणि ते माझं तोडतील. तो दिवसाढवळ्या स्कैद्रिते बाईंच्या कुंपणावर चढला. बाई घरातल्या झग्यावर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वितोल्ड, डावीकडची जास्त उमललीत. थांब, पडशील. शिडी धरते." इंदुलिसकडे गेला तर इंदुलिसनं पाठ फिरवली आणि मुद्दाम मोठ्यानं शीळ घालत राहिला, चोराला संकोच वाटू नये म्हणून. दोन दिवसांनी लोकांनी फांद्या आधीच मोडून, ओल्या कागदात गुंडाळून आपापल्या फाटकावर ठेवायला सुरुवात केली.

वितोल्ड हातात लायलॅकचा भारा घेऊन माझ्या दारात आला. इतकी फुलं हातात असून इतकं आंबट तोंड मी पाहिलेलं नाही.

"चोरीसुद्धा करू देत नाहीत," तो म्हणाला.

मे महिना संपत आला आणि वितोल्डचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरातला त्याच्या नावाचा दिवस, उजाडला. नामदिनाला आमच्याकडे कुणी बोलावत नाही आणि यायचं कुणी राहत नाही. ज्याचा दिवस त्यानं केक भाजून ठेवायचा आणि दार उघडं ठेवायचं. केशर घातलेला वेटोळ्याचा केक मीच भाजून दिला होता. घरामागच्या अंगणात टेबल मांडलं, राय पाव, धुरावलेले मासे, जिऱ्याचं चीज, आणि काकड्यांची लोणची तर विचारायलाच नको. अख्खा गिरणी रस्ता जमला. प्रत्येकाच्या हातात लायलॅक होता, दुसऱ्या कुणाच्या तरी कुंपणावरचा. वितोल्डनं सगळ्यांकडून घेतला, सगळ्यांना धन्यवाद दिले आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

अजून ऊन होतं. इंदुलिस बर्च झाडाच्या रसाची दुसरी बाटली उघडत होता. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं काड् असा आवाज आला. मग आणखी एक. रेक्सिस उठला, इंदुलिस उठला, आणि मग सगळे घराला वळसा घालून पळाले. मीही पळाले. माझ्या गुडघ्यांनी मला नंतर त्याचा जाब विचारला.

रस्त्यावर एक गाडी उभी होती, दार उघडं, इंजिन चालू. आणि सिमेंटच्या खांबावर एक गलेलठ्ठ माणूस अडकला होता. अंगात घट्ट काळा सूट, एक पाय आत, एक बाहेर, छातीशी लायलॅक. आतल्या पायाची विजार रेक्सिसच्या तोंडात होती. इंदुलिसनं त्याची कॉलर धरली आणि त्याला ओढत मागच्या अंगणात आणलं. बाकीचे दोन्ही बाजूंनी चालत होते, वरात निघाल्यासारखे.

"वितोल्ड, काळजी करू नकोस," इंदुलिस म्हणाला. "पकडला."

वितोल्ड त्या माणसाकडे बघत राहिला. मग फुलांकडे. मग पुन्हा त्या माणसाकडे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला कळलं की आता काहीतरी फुटणार.

"माफ करा हो," तो माणूस म्हणाला. "मी नॉर्मुंड. येल्गावाहून आलोय. सासूबाईंची सत्तरी आहे, पुढच्याच गावात. फुलं विसरलो. बायको तिथं पोचली आहे आणि ती दोनदा फोनवर बोलली. आता ती बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट."

स्कैद्रिते बाई मात्र फांद्या मोजत होत्या. "चार," त्या म्हणाल्या.

जिवंत माणसाला आम्ही फुलं विषम देतो. जोडीची फक्त मयताला.

"सत्तरीला चार?" बाई म्हणाल्या. "सासूला थेट पेटीतच घालायला निघालात की हो."

"पाचवी तोडतच होतो बाई. ह्यांनी धरलं."

"मग एक परत ठेव," इंदुलिस म्हणाला. "तीन घेऊन जा."

"कुठं ठेवू परत? मोडली की ती."

यावर वाद पेटला. तीन नेणं म्हणजे सत्तरीचा अपमान, असं काहींचं मत. चोराला पाचवी द्यायची म्हणजे शेफारून ठेवायचं, असं इतरांचं. रेक्सिस अजून विजार सोडत नव्हता.

"सोड त्याला," वितोल्ड म्हणाला.

कुत्र्याला म्हणतोय की इंदुलिसला, ते कळलं नाही, म्हणून दोघांनीही सोडलं.

"तीन वर्षं मी खिडकीत बसतोय," वितोल्ड म्हणाला. "तीन वर्षांत एक माणूस आला. तोही बाहेरगावचा. आणि त्याला तुम्ही धरलंत."

त्याचा आवाज इतका मोठा असू शकतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यालाही नाही.

"काकड्या दिल्यात. मी मागितल्या होत्या काकड्या? कुंपण दिलंत, पाटी दिलीत, कुत्रा दिलात. झुडूप मरतंय माझं. आउस्ट्रा गेली तेव्हा मला काही करता आलं नाही. डॉक्टरला आलं नाही, मला काय येणार. ह्याचं तरी करता येण्यासारखं आहे. नुसतं तोडायचंय. आणि तेवढं तुम्ही करत नाही."

इंदुलिस आपल्या हातांकडे बघू लागला. कुणीतरी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता सगळं सुटलं, आता जातील आणि तोडतील. पण स्कैद्रिते बाईंनी चष्मा काढून पुसला.

"अरे, पण आता तू बोललास," त्या म्हणाल्या. "सांगून तोडलेलं धरत नाहीत."

वितोल्ड मटकन खाली बसला. बाईंचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तीन वर्षं त्यानं जीभ आवरली आणि शेवटी एका दमात सगळं घालवून बसला. त्याच्याकडे बघवेना. मी बाईंना चिमटा काढला, पण बाईंना चिमटे लागत नाहीत.

"मला त्यांनी सांगितलं नव्हतं," नॉर्मुंड हळूच म्हणाला. "माझ्या चार धरा की."

"चारनं काय होतंय?" इंदुलिस म्हणाला.

बाईंनी चष्मा घातला. गणित अडलं की त्यांचा चेहरा असाच व्हायचा, आणि मग उत्तर यायचं. "वितोल्ड, ऊठ. सांगितलेलं मागे घे. आम्हाला मनाई कर."

"हात लावू नका," वितोल्ड पुटपुटला.

"नीट. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."

वितोल्ड उभा राहिला. "माझ्या झुडपाला कुणी हात लावायचा नाही."

"लावला तर?"

"लावला तर पोलिसात देईन."

"आता बरं. जा आत आणि दार लाव."

तो आत गेला, दार लावलं, आणि आम्ही चोरी केली. आयुष्यात मी इतकी शिस्तीची चोरी पाहिलेली नाही. इंदुलिसनं स्वतःच्या हातानं बसवलेल्या तीन फळ्या उपटल्या आणि एरवी 'चोर' म्हणून आरोळी ठोकली असती तिथं नुसता घसा खाकरला. बाईंनी पाटीला टेकवून शिडी लावली. नॉर्मुंडनं पाचवी घेतली, मग म्हणाला, "मेव्हणीलाही नेतो," आणि आणखी तीन तोडल्या. वाटेत पुन्हा मोजा, बाईंनी त्याला बजावलं. रेक्सिसनं दोन फांद्या तोंडात धरून पळवल्या. फुलं आधीच थोडी होती, त्यामुळे बघता बघता झुडूप उघडं पडलं. (यंदाचं विचाराल तर कळ्या दिसतायत. गेल्या वर्षीपेक्षा जास्त. उगाच नजर लागायला नको म्हणून मी त्यापुढे बोलणार नाही.)

लोक आपापला माल घेऊन पांगले, कुणी वितोल्डचा निरोपही घेतला नाही, कारण चोर निरोप घेत नाहीत. मी मागे राहिले. सगळ्यांनी तोडून झाल्यावर मी खालच्या बाजूच्या दोन लहान फांद्या तोडल्या होत्या. त्या धरून मी उभी होते तोवर पायरीवर वितोल्ड आला.

"दोन?" तो म्हणाला.

"उद्या स्मशानात जाणार होते. तिच्यासाठी."

"तिथं मी जातो रोज. तू तिसरी तोड. घरी ठेव."

"वर राहिलीय ती एकच. माझा हात पोचत नाही."

वितोल्ड खाली उतरला, झुडपाशी गेला आणि ती फांदी माझ्यापर्यंत वाकवून धरली. त्याच्या बोटांना अजून माशांचा वास होता.

"मालकानं वाकवलेली धरत नाहीत," मी म्हणाले.

"नाही धरली तर नाही," तो म्हणाला. "खिडकीत बसून मी तुझीच वाट बघायचो, माइगा. बाकीचे काय, येतील नाहीतर नाही."

मला पुढचं धड दिसत नव्हतं. मी चाचपडून सांधा शोधला आणि तिसरी फांदी मोडली.